चौघींचं वजन

नैरोबीहून निघताना पाठपिशवीत होते
पिवळ्या चिठ्ठ्यांचे सहा गठ्ठे, मार्कर, टाचण्या,
आणि कंपनीने आधीच लिहून दिलेला प्रश्न:
मासळी सुकवायचं यंत्र स्वस्त कसं करायचं?

तळ्याकाठी पोचले तेव्हा होड्या परतल्या होत्या.
रात्रभर पाण्यावर दिवे लावून पकडलेली ओमेना,
पेराएवढी, लखलखीत,
बायका वाळूतल्या जाळ्यांवर पसरत होत्या.
पाय ठेवावा तिथे मासळी.
मी चवड्यांवर चालत राहिले,
नुकत्या सारवलेल्या अंगणात आल्यासारखी.

तीन दिवस मी फक्त विचारलं.
अडचण काय?
पाऊस.
आणखी?
पाऊसच. पण दुपारी तीनचा.
तीनचाच का?
कारण तीनला व्यापाऱ्याचा ट्रक येतो,
तो आधी ढग बघतो
आणि मग भाव सांगतो.

ही चिठ्ठी मी भिंतीवर सगळ्यांत वर लावली.
वाऱ्याने ती दोनदा उडवली.
तिसऱ्यांदा अपोन्दीने चिमूटभर उगाली लावून
अशी चिकटवली, की आजही तिथेच असेल.
कंपनीचा प्रश्न मात्र पिशवीतच राहिला,
चुरगळत.

पहिला नमुना पुठ्ठ्याचा. बकरीने खाल्ला.
दुसरा पपायरसच्या काड्यांचा. ओल्या मासळीने वाकला.
तिसऱ्याला ओगोला सुताराने पाय दिले, चार मुठी दिल्या:
खाटेसारखी चौकट, मध्ये ताणलेली जाळी,
ढग दिसला की उचलायची
आणि छपराखाली न्यायची.

फक्त, उचलायला चौघी लागत.
मी वहीत लिहिलं: दोष.
रात्री कंदिलापाशी बसून हलकी नळी काढली,
एका बाजूला चाक,
एकटीला ढकलता येईल असं.

सकाळी अपोन्दीने चित्र उलटसुलट करून पाहिलं.
"एकटीला ढकलता आलं,
तर एकटी ढकलून नेईलसुद्धा."
कोण?
"चोर. नाहीतर माझी जाऊ."
सगळ्या हसल्या. अकोथ, तीच जाऊ, सगळ्यांत मोठ्याने.

हसू ओसरल्यावर ती जाळीतला खडा काढत म्हणाली,
"ढग आला की जी ती आपलं आपलं गोळा करते.
जिचं पोर तापाने फणफणलंय
आणि जी दवाखान्याच्या रांगेत उभी आहे,
तिचं भिजतं.
कुणाच्या मनात काही नसतं, वांगेची.
हातच दोन असतात.
हे जड आहे ना, जडच राहू दे.
मेल्यावर काय, चौघं मिळतातच."

मला शिकवलं होतं, वजन दिसलं की कमी करा.
मी चाक खोडलं.
रबर नव्हतं, बोटानेच पुसलं;
कागदावर काळा डाग राहिला, चाकाएवढाच.

एप्रिलात अपोन्दी आणि अकोथचं बोलणं बंद झालं.
कारण बहुधा तीच बकरी.
आणि एका दुपारी तळं एकदम शिशासारखं झालं,
ट्रक वळणावर दिसत होता.
दोघी एकाच चौकटीच्या समोरासमोरच्या मुठींना.
एक छपराकडे बघतेय, दुसरी आपल्या पायांकडे.
"उचला," अपोन्दी म्हणाली,
कुणालाच उद्देशून नाही.
चौकट वर गेली, तळहातासारखी सपाट,
एकही मासा घरंगळला नाही.

व्यापारी खाली उतरला, ढगाकडे पाहिलं,
मग कोरड्या मासळीकडे,
आणि बराच वेळ टोपी झटकत राहिला.
त्या दिवशी भाव कालचाच लागला.
बोलणं अजून बंदच आहे.
बगळ्यांवरही उपाय सापडलेला नाही;
ते छपराखाली येतात, घरचे असल्यासारखे.

नैरोबीत, नवव्या मजल्यावर, अहवालात एक रकाना:
एका यंत्रामागे माणसं किती?
मी चार लिहिलं.
पडद्यावर लाल अक्षरं उमटली,
संख्या जास्त वाटते. नक्की?

मी वही उघडली.
पानांमधून सुकटीचा वास भसकन वर आला.
हो, मी दाबलं.
शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी उठलं
आणि खिडकी उघडायला गेलं.