येणे बाकी

जुन्या मैदानावर सगळ्यांच्याच रेषा असायच्या.
शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या पांढऱ्या, दर दहा यार्डांवर आकडा,
आणि त्यांवरून काझने शनिवारी पहाटे मारलेल्या
आमच्या पिवळ्या.
पाऊस झाला की पिवळ्या पुसायच्या, पांढऱ्या टिकायच्या.
एकदा पाहुण्यांचा गोलकीपर चुकीच्या रेषेवर उभा राहिला
आणि बहातीने त्याच्या डोक्यावरून चेंडू अलगद उतरवला.
तो गोल अजून सांगतात आमच्यात,
दर वर्षी दोन यार्ड लांबून.

मी क्लबचे हिशेब लिहितो. सोळा वर्षं.
आधी फुकट, मग दोन तिकिटांवर, आता पगार आहे.

ईरीत, सरोवराच्या काठी, कागदाची गिरणी होती तिथे
आता दहा हजार तीनशे वीस निळ्या खुर्च्या आहेत.
काझचा बाप त्या गिरणीत लगदा ढवळायचा.
उद्घाटनाच्या आदल्या दिवशी काझ गवतावर ओणवा झाला,
वास घेतला, म्हणाला,
"गेला. तीस वर्षं म्हणत होतो, जाऊ दे हा वास."
आणि बराच वेळ उठला नाही.

टीकाराम जुन्या गेटपाशी गाडीच्या डिकीतून मोमो विकायचा.
इथे तीन अर्ज, विमा, अग्निशमनचा दाखला,
आणि जागा मिळाली तिसऱ्या मजल्यावर, शौचालयाशेजारी.
"भूतानातसुद्धा इतक्या उंचावर दुकान नव्हतं आमचं," म्हणतो.

या देशात वरच्या लीगमध्ये चढता येत नाही,
कितीही जिंका. पायऱ्या नाहीतच, दार आहे.
ते आतून उघडतं, आणि उंबरठ्याला किंमत असते.
ती किंमत पहिल्यांदा टाइप केली तेव्हा
आकडा रकान्यात मावेना, नुसती जाळीची चिन्हं उमटली.
रकाना रुंद केला.
स्टेडियमच्याही आधी तो रुंद केला.

मार्चमध्ये लीगचे पाच जण बघायला आले.
आम्ही गवत विंचरून ठेवलं होतं.
त्यांनी पार्किंग मोजलं, विमानतळ किती मिनिटं ते विचारलं,
टीव्हीच्या गाड्या कुठे लागतील ते पाहिलं.
मग वयाचा विषय निघावा तसा लोकसंख्येचा निघाला.
आम्ही शेजारची दोन गावं धरून सांगितली.
मोमो त्यांनी दोन-दोन खाल्ले.
निघताना हात हातात घेऊन म्हणाले, कळवतो.

मी वाढलो त्या गावात या शब्दाचा अर्थ
पोराटोरांनाही ठाऊक होता.
माझ्या थोरल्या बहिणीने तो अकरा वेळा ऐकला.
बाराव्या वेळी तीच म्हणाली, मीच कळवते.
पण इंग्रजीत तो इतका गोड निघाला तोंडातून
की काझने घरी जाऊन कुंपणाला रंग दिला.

पहिला सामना. एप्रिल, तरी सरोवरावरून बर्फ आडवा येत होता.
सात हजार एकशे चौदा माणसं.
जुन्या मैदानावर आठशे असायची, ती ओरडली
की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची.
इथे आवाज छपराला लागून परत येतो,
जरा उशिरा,
दुसरंच कुणी ओरडल्यासारखा.
आधी लोक दचकले. मग मुद्दाम ओरडायला लागले.

शून्य-शून्य. बहाती आता बाकावर असतो, कोचच्या शेजारी,
आणि चेंडू वर गेला की त्याचाच पाय हलतो.

रात्री हिशेब उघडला.
तिकिटं, मोमोच्या जागेचं भाडं, दिव्यांचं बिल.
शेवटी 'येणे'. त्याखाली लिहिलं: एक पत्र.
रक्कम कोरी सोडली.

खाली काझ दिवे मालवण्याआधी रेषा तपासत होता,
सगळ्या एकाच रंगाच्या,
आणि मधेच एका जागी
ओला रंग तुडवू नये म्हणून उचलतात तसा पाय उचलून
पलीकडे गेला.
तिथे रेष नव्हती.