तालमीची जागा

अनुदानाच्या अर्जात सतरा रकाने होते.
नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, रंगभूषा,
अल्पोपाहार, माणशी चाळीस रुपये.
पांघरूण कुठेच नव्हतं.
खेमराजला म्हटलं, तू वाच बे, माझे डोळे शिणले.
त्यालाही नाही सापडलं.

खेमराजला अठरावं लागलं तेव्हा डिसेंबर होता.
अधिवेशन तोंडावर, सिव्हिल लाइन्सचे दुभाजक
पिवळे-काळे रंगवणं चालू होतं.
बालगृहाच्या बाईंनी शिरा केला.
एक पत्र्याची पेटी, कपड्यांचे दोन जोड, दाखल्याची झेरॉक्स.
गेटवरच्या वहीत रकाना होता: कोणाच्या ताब्यात दिले.
त्याने तिथे स्वतःचंच नाव लिहिलं
आणि सही केली.
अनुरक्षणगृहात जागा नव्हती.
तीन रात्री बर्डीला, जिन्याखाली,
पारा आठवर, आणि ओल्या रंगाचा वास.

पैसे आले एकोणतीस मार्चला.
एकतीसच्या आत खर्च करा, नाहीतर परत.
आम्ही नंदनवनात टिनाची खोली घेतली
आणि लिहिलं: तालीम जागेचे भाडे.
खोटं नव्हतं. तालीम होतेच तिथे,
सहा ते नऊ.
नऊनंतर नाटकाचाच पडदा मधोमध बांधतो,
इकडे मी आणि कौसर,
तिकडे खेमराज, सायमन आणि सुगत, जो झोपेत हजेरी देतो.

मे महिन्यात चाफले साहेब आले, लेखापरीक्षक.
पंचेचाळीस डिग्री. कूलर नुसताच खडखडत होता.
त्यांनी पाहिलं: पाच गाद्या, शेगडी, फणी,
दोरीवर वाळत घातलेले टॉवेल.
हे काय?
नेपथ्य, सुगत म्हणाला.
नाटक कशावर आहे?
घरावर.
संहिता दाखवा.

संहिता नव्हती. एक प्रवेश होता, तो करून दाखवला.
मुलगा उशिरा घरी येतो.
आई म्हणते, इतका उशीर काहून झाला?
एवढंच.
दोन महिने झाले, तेवढंच जमत नव्हतं.
कौसर ते वाक्य वॉर्डनसारखं म्हणायची,
घड्याळाकडे बघून,
आणि खेमराज हसत सुटायचा.
आम्हाला उशीर झाला तर वहीत वेळ लिहायचे,
असं कोणी विचारलंच नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. घाम पुसला.
असं नाही, बाई, ते म्हणाले,
ती आधी त्याच्याकडे बघतच नाही.
तव्याकडे बघते. पोळी उलटते.
मग विचारते.
आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढते.
उठून दाखवलं त्यांनी.
फाईल काखेत, हातात नसलेला उलथना.
खेमराज हसला नाही.
हातपाय धुतो, म्हणाला.
हे कोणी लिहून दिलं नव्हतं त्याला.

अहवाल आला जूनमध्ये.
आक्षेप क्रमांक चार: कूलर दुरुस्तीची पावती जोडलेली नाही.
ती खरंच नव्हती.
गाद्यांबद्दल एक ओळही नाही.
सायमन म्हणतो, आपला माणूस निघाला.
मी म्हणते, एका माणसाच्या नजरेवर
किती दिवस झोपायचं?
रकाना पाहिजे.
छापलेला, क्रमांक असलेला,
चाफले साहेब रिटायर झाल्यावरही राहील असा.
तसं पत्र लिहिलं आहे मी. पोच मिळाली, शिक्क्यासकट.

येत्या बुधवारी निर्गुणाला अठरावं लागतंय.
ती कविता पाठ म्हणते, आणि तिला भाजी चिरता येत नाही,
तिथे कढई केवढी मोठी, तिच्याजवळ जाऊच देत नाहीत.
सहावी गादी पडद्याच्या आमच्या बाजूला.
पेटी जड असते, म्हणून आम्ही दोघं तरी जाऊ.
वहीत सही मी करणार आहे.
पेन घरून नेते.
गेटवरचं कधीच चालत नाही.