वरणात काही नाही

दर चौथ्या मंगळवारी
मी डावी-उजवी आठवत जाते.
मागच्या खेपेला डावी, म्हणजे आज उजवी.
सिस्टर घोन्सालवीस विसरतात, मी नाही विसरत;
दुखरी बाजू दोन दिवस बसू देत नाही.

खोली नंबर चौदा. हिरवा पडदा, एका कडीतून सुटलेला.
"सैल सोड गो," त्या म्हणतात वसईच्या हेलात,
कातडी अंगठ्याने बाजूला ओढतात,
सुई जाते, आणि मग दहापर्यंत मोजायचं.
घाई चालत नाही. औषध तेलात असतं,
तिळाच्या तेलात, त्यांनीच सांगितलं.
मी विचारलं, म्हणजे आता गोड बोलायचं का?
हसल्या. सुई बाहेर यायच्या आधीच हसल्या,
ते जरा लागलं.

महिनाभर ते तेल
आत कुठेतरी झिरपत राहतं,
वरच्या मजल्याच्या नळाला पाणी यावं तसं:
जोर नाही, पण येतं.

त्याआधी नऊ वर्षं वरण होतं.

आई गोळी कागदात धरून लाटण्याने चुरायची
आणि माझ्या वाटीत मिसळायची,
वर तूप जरा जास्त, लिंबू.
मला तेव्हा आवाज यायचे. एक बाई, दोन पुरुष.
बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनमध्ये राहायचे;
कन्नमवार नगरच्या आमच्या दोनशे वीस फुटांत
तेवढीच जागा रिकामी होती.
बाई म्हणायची: वैजू, वरणात काहीतरी आहे.

मी वाटी सरकवायची.
आई देव्हाऱ्यावर हात ठेवायची:
वरणात काही नाही गं, तुझी शप्पथ.
एक अख्खा उन्हाळा मी काढला
केळ्यांवर आणि उकडलेल्या अंड्यांवर.
जे बंद येतं तेवढंच.

मग नव्या डॉक्टर आल्या, तांडेल म्हणून.
फाइलीतून मान वर न करता विचारलं,
गोळ्या घेते ना?
"हो," आई म्हणाली. "वरणातून."
तिला वाटलं, मी पंख्याकडे बघतेय.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
कसं सांगू, मला केवढं हलकं वाटलं.
फॅनमधली बाई म्हात्र्यांबद्दल खोटं बोलली,
माझ्या दाढेत बसवलेल्या यंत्राबद्दल खोटं बोलली,
वरणाबद्दल ती खरं बोलत होती.

परतताना बसमध्ये आम्ही वेगळ्या सीटवर बसलो.
तिच्या ब्लाउजच्या पाठीवर हळदीचा डाग होता.
तो बघत बघत विक्रोळी आली.
दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले.
म्हटलं, द्यायचं तर उघड द्या.
बाटलीवरचं नाव मला वाचू द्या,
मग टोचा.

सगळं छान झालं असं नाही.
उजवा पाय खुर्चीखाली शिलाई मशीन चालवतो,
मशीन नसताना.
अकरा किलो वाढले. पाळी तारखा विसरली.
चौथ्या आठवड्याच्या शेवटी ती बाई अजून येते,
पण खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या रेडिओसारखी;
शब्द लागत नाहीत.
कधीकधी मीच कान देते, मग सोडून देते.

कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी,
आई "सु" लिहून ठेवते.
म्हात्रेकाकूंनी विचारलं, सु म्हणजे काय हो?
"सुट्टी," आई म्हणाली.
नऊ वर्षांची सवय, एवढ्यात कुठे जायला.

आता वरण एकाच पातेल्यातलं.
माझ्या देखत ती आधी आपल्या ताटात वाढते,
एक घास खाते, थांबते.
मी वास घेते. अजून घेते.
हिंग, हळद.

"मीठ कमी आहे," मी म्हणते.
ती उठते, बरणी आणते,
झाकण काढून माझ्यापुढे ठेवते.
तूच घाल.