हातापुरती भूमिका

त्यांना फक्त हात हवे होते.
चेहरा होता त्यांच्याकडे, लंडनहून आणलेला,
सायीसारखा मऊ,
पण त्या बाईंची बोटं संधिवाताने वाकलेली.
क्लीथॉर्प्सच्या औषधाच्या दुकानात
एकतीस वर्षं गोळ्या मोजणारी मी;
कुणीतरी माझी बोटं पाहिली
आणि म्हणालं, सोमवारी सकाळी सहाला या. नेलपॉलिश नको.

सिनेमातल्या बाईचं नाव मिसेस थिसलवेट.
चर्चमध्ये फुलं लावते, शेजाऱ्यांची मांजरं सांभाळते
आणि गावातली वाईट माणसं एकेक करून संपवते.
आधी माफी मागते.
मग विचारते, बाहेर गार आहे, मफलर आणलात ना?
मग लिंबाचा केक.

विधवांची धड छपरं उचकटून
दुप्पट बिल लावणारा पहिल्या अर्ध्या तासात गेला.
भाडेकरूंचं डिपॉझिट गिळणारा एजंट
आइसिंगच्या दुसऱ्या घासाला.
वृद्धाश्रमाची मॅनेजर, जी भर नोव्हेंबरात
हीटर बंद ठेवायची,
तिला मिसेस थिसलवेटनी स्वतः विणलेली शाल दिली.
शालीचं पुढे काय झालं ते सांगत नाही,
तुम्ही पाहाल कधीतरी.

जो गुळाने मरतो त्याला विष कशाला,
मी चहाच्या सुट्टीत सहज म्हणून गेले.
दिग्दर्शक पोरगेलासा, फिन नावाचा.
त्याने वहीत लिहून घेतलं, गूळ म्हणजे काय ते विचारलं.
दुसऱ्या दिवशी टेबलावर काकवीचा डबा.

पीठ मळलं ते मी. लिंबू किसलं ते मी.
पुडी उघडून, टिचकी मारून
पांढरी पूड साखरेत मिसळली, तीही मीच.
पूड म्हणजे साखरच होती. साखरेत साखर.

फिन हळूच म्हणाला, सुलभा, इथे हात जरा थरथरू दे,
शेवटी माणूस आहे ती.
मी थरथरवून पाहिले.
सात टेक. अकरा टेक.
हात काही केल्या ऐकेनात,
पूड पडायची ती अचूक, चिमटीला चिमूट.
शेवटी त्यांनी कॅमेराच हलवला.

समुद्राजवळच्या थिएटरात लागला तेव्हा आम्ही चौदा जण.
बाहेर ओहोटी, लांबवर नुसता चिखल.
केकवर सुरी टेकवताना माझा अंगठा
भिंतीएवढा झाला, आणि त्याच्यावरचा तो व्रण,
विळीचा, आठवीतला,
मेकअपवाल्यांच्या नजरेतून सुटलेला.
मागे एक म्हातारी हसत होती,
जिथे कुणीच हसत नव्हतं तिथे.
नंतर बेसिनपाशी तिने मला केकची रेसिपी विचारली.

नावं सरकत गेली. अगदी शेवटी, केटरिंगच्याही खाली:
हात – एस. कामबेट.
खांबेटे, हे मी कुणालाच सांगितलं नाही.
काही हरकत नाही, असं इथे मी इतकी वर्षं म्हणत आलेय,
आणि इतकं गोड की लोकांना ते खरंच वाटतं.

शनिवार. पाच वाजता मिस्टर ब्रॅडवेल,
दर शनिवारसारखेच:
सू, आजच्या दिवस थांबशील ना जरा?
जादा तासांचे पैसे पुढच्या महिन्यात.
तो पुढचा महिना दोन हजार अकरापासून यायचाय.
मी म्हटलं, थांबते की. चहा करू तुम्हाला?
नेहमीसारखंच म्हटलं.
शपथेवर सांगते, नेहमीसारखंच.

त्यांनी कप घेतला.
कपाकडे पाहिलं. माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.
कप खाली ठेवला, बशीचा आवाज होऊ न देता.
तू जा घरी, म्हणाले, उशीर होतोय तुला.
आणि ते पैसे, त्याचं काय, सोमवारीच बसू या हिशोबाला.

मी कोट चढवला. दारापर्यंत जाऊन परत आले,
त्यांच्यासमोरचा कप उचलला
आणि उभ्याउभ्याच संपवला.
साखर अंमळ जास्त झाली होती.

बाहेर गार आहे हं, म्हटलं,
मफलर विसरू नका.