डाव्या काखेतला हिरवा टाका

बाकीचे चेहरे बघतात. मी काखा बघते.
तलवार उगारल्याशिवाय काख दिसत नाही,
म्हणून लढाईचे भाग मी चुकवत नाही.

काल पावणेनऊला, किल्ला पडायच्या बेतात,
सरदारानं हात वर केला
आणि मी तर्रीपोह्याची बशी खाली ठेवली.
थांबव. मागे ने. अजून मागे. तिथे.
भाचीनं दोन बोटांनी चित्र ताणलं:
जांभळा किनखाप, आणि डाव्या काखेत
चार बोटं लांब, पोपटी हिरवी शिवण.
"मावशी, हा तं तुह्या हातचा!"

माझ्याच.
इतवारीत, हेडाऊ ड्रेपरीच्या माळ्यावर,
मे महिना, कूलर कोरडा,
जांभळा दोरा ऐन वेळी संपलेला
अन् खाली वडशाच्या नाटकाची गाडी हॉर्न मारत उभी.
हाताला लागली ती रीळ ओवली.
"कोन पाह्यते काखीत," मालक म्हणाले.

तेव्हापासून एक वही आहे.
त्या अंगरख्याला मी सुभेदार पाहिलाय, फितूर पाहिलाय,
वर पांढरी मलमल टाकून दिल्लीहून आलेला वकील पाहिलाय.
एकदा तर तो मेला त्याच्या शंभर वर्षं आधी
दुसऱ्याच वाहिनीवर जेवायला बसला होता.
भाड्यानं मुंबईला जातो,
परत येतो, दुसऱ्याच्या घामाच्या वासाचा.

अंजिरी शालूचं पान वेगळं.
पहिल्या वर्षी पट्टराणी. मग धाकटी.
मग मागच्या रांगेत आरतीचं तबक धरून उभी.
शेवटी पालखीच्या गादीवर अंथरलेला, वर कोण बसलं ते दिसलं नाही.
वहीत मी एवढंच लिहिलं:
जर काळी पडली.

बर्डीवर जुनी पुस्तकं विकतो त्या नकुल बोकडेकडे
पाचशे पानांची एक कादंबरी दिसली.
वेष्टनावर घोडा, धूळ, आणि माझा अंगरखा.
पण टाका उजव्या काखेत!
मी फुटपाथवरच बसले.
उजवी तर मी शिवलीच नव्हती.
ऐंशीचे साठ करून घरी आणली,
कपाटाच्या आरशापुढे धरली,
तशी शिवण आपल्या जागी गेली, बंद आपल्या जागी गेले,
फक्त लेखकाचं नाव उलटं झालं.
घोडा पुस्तकात शिरताना दिसावा
म्हणून कुणीतरी सगळा माणूसच पलटवला होता.
आत, दोनशे बाराव्या पानावर, लिहिलंय:
"त्याचा अंगरखा दुधासारखा शुभ्र होता."

भाची म्हणते, मावशी, तू कथा बघतच नाहीस.
बघते की. कापड नेसवत नेसवत बघते.
ती बाई सती जात असते
तेव्हा मला पदराची पिन दिसते,
आणि वाटतं, पिन काढा आधी, जरीला छिद्र पडेल.

आज दुपारी मालकांच्या मुलाचा फोन.
पुढे दुकानात आता लग्नाच्या शेरवान्या,
जुनं सगळं माळ्यावर, डांबरगोळ्यांत.
"मावशी, जांभळा अंगरखा आठवते?
परवा शाळेच्या गॅदरिंगले पाह्यजे. दुसरी काख उसवली.
लहान पोरगं हाय, आखूडबी करा लागंन."

गेले. शिडी तीच, तिसरी पायरी अजून हलते.
अंगरखा मांडीवर घेतला,
जवळून तो टीव्हीपेक्षा हलका आहे, किनखाप कसला,
कुठल्यातरी मंगल कार्यालयाचा पडदा होता तो, मीच बेतला होता.
मुलानं दोऱ्याचा डबा पुढे सरकवला.
वरच जांभळी रीळ. हुबेहूब तोच रंग, कोरी.

हिरवी शोधायला मला
पाऊण तास लागला.