मालक

क्लाक्सविकच्या मत्स्यकचेरीत
तिसऱ्या दिवशीही तोच निरोप:
आपल्याला परवानगी नाही.

तूरिदनं वायर बदलून पाहिली,
सर्व्हर निजवला, उठवला,
जोडलेला ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडला.
बाकीची फोल्डरं निमूट उघडतात,
कॉड, हेरिंग, बंदराची बिलं.
या अकरांचीच दातखीळ बसलेली.

मग तिनं मालकाचा रकाना पाहिला.
तिथे नाव नव्हतं.
एस, एक, पाच, एकवीस…
पुढे नुसते आकडे, ओळ संपेपर्यंत.

सप्टेंबरात तिनंच पुसलं होतं हानुसचं खातं.
नियम आहे: माणूस गेला की नव्वद दिवसांनी.
त्याची लोकरी टोपी अजून खुंटीवर आहे,
टोपीसाठी नियम नाही.

खाली बटण: मालकी घ्या.
बाहेर धुक्यात फेरीबोटीचा भोंगा.
तिनं आधी कॉफी संपवली, गार झालेली,
खुर्ची जरा मागे सरकवली,
आणि दाबलं.

आत हॅलिबटची मापं, वर्षावर्षांची,
मिलिमीटरसुद्धा न चुकलेली.
सगळ्यात खाली एक रिकामी फाइल,
तिचं नावच लांबलचक:
तूरिद, हे उघडलं नाही तर फोन कर.
दोनशे चौदा.