गंज

वाचनालयातल्या कार्यक्रमात एका बाईंनी विचारलं,
"तुम्हाला हे सुचतं कुठून?"
मी म्हणाले, नदी. प्रकाश. स्मृती.
असे शब्द मी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते,
बसच्या सुट्ट्या पैशांसारखे.
त्यांनी वहीत लिहून घेतलं.

खरं म्हणजे शेफील्डला आल्यावर
अडीच वर्षं मला काही म्हणता काही सुचलं नव्हतं.
नीपसेंडच्या एका जुन्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर,
भाड्याची खोली. उत्तरेचा उजेड.
कागद जर्मन, कुंचले जपानी,
आणि स्वेटरवर स्वेटर चढवून
हीटरकडे पाठ करून बसलेली मी.
कोऱ्या कागदाची भीती वगैरे नव्हती.
मला त्याचा कंटाळा आला होता,
त्यालाही माझा आला असावा.

खाली क्लिफर्ड स्टॅनिफर्थ कात्र्यांना धार लावायचे.
मला 'लव्ह' म्हणायचे, पोस्टमनलाही 'लव्ह'च.
एका सकाळी चहाचा मग घेऊन वर आले:
माझा नळ गळतोय,
त्यांच्या छतातून थेट सहाणेवर.
बोलता बोलता मग टेकवला
माझ्या महागड्या कागदावर.
तिथेच, आदल्या दिवशी नदीकाठी सापडलेली
एक मोडकी कानस ओली पडली होती.
चहा हिंदकळला. त्यांनी बाहीने पुसला,
म्हणजे पसरवला.

दुसऱ्या दिवशी बघते
तर गंजाच्या केशरी डागात
चहा जिथवर पोचला तिथवर काळं.
नुसतं काळं नव्हे; निळसर, जांभळट,
ओठ काळेनिळे पडतात तसं.

आणि एकदम तो वास आला.
येवल्याला, आमच्या परसामागे,
गोविंदशेठ रंगाऱ्यांचा रांजण:
मोडके खिळे, बैलांचे नाल, गूळ आणि पाणी,
महिना महिना आंबत ठेवलेलं.
हिरड्यात पिवळं केलेलं कापड
त्यात बुडालं की काळं होऊन वर यायचं.
मी ते कधी थांबून पाहिलं नाही.
नाक दाबून पळायचे तिथून, शाळेपर्यंत.
पळता पळता
किती दूर आले होते मी.

आता खिडकीत अकरा बरण्या आहेत.
बिजागऱ्या, चाव्या, कुणाच्या तरी कुंपणाचा तुकडा.
रिव्हेलिनच्या झाडीतून आणलेली मायफळं
(बाळगुटीतली नव्हेत, पण भावकीतलीच)
आणि चहा, सगळ्यात स्वस्तातला;
उंची चहा काळा धरत नाही.
कागद भिजवायचा, त्यावर लोखंड मांडायचं,
वर फळी ठेवायची, आणि निघून जायचं.
गंजाला घाई चालत नाही.
चौथ्या दिवशी मी चोरून उचलून पाहिलं
तेव्हा तेव्हा चित्र नासलं आहे.

पहिलं जमलेलं चित्र स्टॅनिफर्थना दाखवलं.
"डाग आहे, लव्ह," ते म्हणाले.
मग चष्मा पुसला. वाकले.
बोट कागदापासून इंचभर वर धरून
एका पात्याच्या कडेने फिरवलं.
"डावखुऱ्यांची कात्री. आयरीनने जुळवलेली.
तिच्या स्क्रूची खाच अशीच तिरकी असायची,
किती वेळा सांगितलं तरी."
मला तिथे काळं आणि केशरी दिसत होतं.
आयरीन कोण, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी माझ्या दाराशी
बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता,
नापास झालेल्या कात्र्यांनी भरलेला.
चिठ्ठी नव्हती.

मगाच्या वर्तुळाचा तो कागद मी विकत नाही.
दोनदा गिऱ्हाईक आलं होतं.

नळ अजून गळतो.
प्लंबरचा नंबर आहे माझ्याकडे,
त्याच वर्षीचा.